घरच्या चित्रणासाठी कॅमेरा कोणता घ्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी आपल्याकडे दरवर्षी कुणी आरोग्यावर बोलते, कुणी मुलांच्या संगोपनावर, तर कुणी स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांवर. यंदा चिटणीसबाईंनी मला कॅमेऱ्यावर बोलावयास सांगितले, तेव्हा पुष्कळ जणींना नवल वाटले असेल. कॅमेरा हा काय महिला मंडळात बोलावयाचा विषय आहे? पण गेल्या सभेला ज्या हजर होत्या त्यांना ठाऊक आहे की, मंडळाच्या शिलकेतून एक व्हिडिओ कॅमेरा घ्यावा अशी सूचना आली आणि त्यावर अर्धा तास वाद झाला. एक बाई म्हणाल्या, "प्रत्येकीच्या हातात फोन आहे, मग पैसे कशाला घालवायचे?" दुसऱ्या म्हणाल्या, "माझा पुतण्या अमेरिकेहून येताना आणील, तिकडे स्वस्त मिळतो." तिसऱ्या म्हणाल्या, "आमच्या माळ्यावर कॅसेटचा कॅमेरा पडून आहे, तोच घ्या." ठराव तसाच राहिला. आज मी या तिन्ही मतांचा विचार आपल्यापुढे मांडणार आहे, म्हणजे पुढच्या सभेत आपल्याला डोळसपणे हात वर करता येईल.

प्रथम एक गोष्ट सांगते. कॅमेरा निवडण्याची ही काळजी आपल्या लोकांना काही आजची नाही. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे चित्रण केले. पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले. त्यात ना कथा होती ना नट. डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग जसाच्या तसा जपून ठेवावा एवढीच त्यांची इच्छा. आज आपण मुंजीत किंवा बारशाला जे करतो ते याच जातीचे.

दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेस गेले आणि तेथून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले. परत आल्यावर लगेच काही त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला नाही. आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून अंकुराची वाढ दाखवणारी छोटी चित्रफीत घरच्या घरीच तयार केली. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. या उद्योगात सरस्वतीबाई फाळके काय करीत होत्या हेही आपण बायकांनी लक्षात ठेवावे. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून त्या रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडीत आणि फिल्म धुण्याच्या कामातही हातभार लावीत. तेव्हा यंत्र म्हटले की "ते आपले काम नव्हे" असे म्हणावयाचे कारण आपल्याला उरलेले नाही.

आता 'हाय डेफिनिशन' म्हणजे काय ते पाहू. दुकानदार हा शब्द इतक्या झोकात उच्चारतो की, ऐकणारीने पुढे विचारूच नये. वास्तविक ही ठिपक्यांची रांगोळी आहे, दुसरे काही नाही. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आपल्याकडे पूर्वी व्हिडिओचे जे चित्र असे, ते आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे एकूण सुमारे सव्वाचार लाख ठिपक्यांचे होते. 'फुल एचडी' म्हणजे १९२० आणि १०८०, एकूण सुमारे पावणेएकवीस लाख. म्हणजे जुन्याच्या पाचपट. अलीकडे 'फोर-के' निघाले आहे, त्यात ठिपके सुमारे त्र्याऐंशी लाख. ठिपके जितके जास्त तितकी बारीक नक्षी दिसते: पैठणीचा काठ, आजीच्या हाताच्या शिरा, पाटावरच्या रांगोळीची रेघ. पण भगिनींनो, ठिपके पुष्कळ घातले म्हणून रांगोळी चांगली येते काय? हात थरथरला, दिवा मंद असला, तर शंभर ठिपक्यांची रांगोळीही बिघडते. तसेच येथेही आहे. घरच्या दूरचित्रवाणी संचावर चार हातांवरून पाहावयाचे असेल, तर फुल एचडी पुष्कळ झाले. केवळ फोर-केच्या नावापायी दुप्पट पैसे मोजणे मला पटत नाही.

ठिपक्यांच्या आकड्यापुढे 'आय' किंवा 'पी' असे इंग्रजी अक्षर असते, त्याचाही खुलासा करते. 'आय' म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी आधी आणि उरलेल्या मागून, अशा दोन खेपांत चित्र काढणे. 'पी' म्हणजे सगळ्या ओळी एकदम. फुगडी, झिम्मा किंवा लेझीम यांसारख्या वेगवान हालचालीत 'आय'चे चित्र संगणकावर पाहिले तर कडांना फणीचे दाते पडल्यासारखे दिसतात. निवड हाती असेल तर 'पी' घ्यावे.

यानंतरचा प्रश्न असा की, चित्र साठवावयाचे कशात? लोणच्याला जशी बरणी, तशी चित्राला साठवण. या बरण्या पन्नास वर्षांत अनेकदा बदलल्या. सधन घरांतून आठ मिलिमीटरची फिल्म होती. १९८०च्या सुमारास लग्नांतून मोठ्या व्हीएचएस कॅसेटी आल्या. १९९५ साली काड्यापेटीहून थोडी मोठी अशी मिनी-डीव्ही कॅसेट आली. २००३ साली सोनी, जेव्हीसी, कॅनन आणि शार्प या कंपन्यांनी मिळून त्याच छोट्या कॅसेटवर हाय डेफिनिशन चित्र उतरवण्याची रीत ठरवली, तिला एचडीव्ही म्हणतात. मध्यंतरी छोट्या तबकडीचे आणि हार्ड डिस्कचेही कॅमेरे निघाले. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी ही रीत आणली आणि तेव्हापासून मेमरी कार्डाचा जम बसला.

तिसऱ्या बाईंच्या माळ्यावरचा कॅमेरा कॅसेटचा आहे. त्याला मी टाकाऊ म्हणणार नाही. त्याचे चित्र चांगले येते आणि भरलेली कॅसेट ही आपोआप मूळ प्रत म्हणून कपाटात राहते. पण एका तासाची कॅसेट संगणकावर उतरवावयास पुरा एक तास लागतो, त्यासाठी 'फायरवायर' नावाची वेगळी तार लागते आणि ती जोडण्याची जागा नव्या संगणकांना राहिलेली नाही. शिवाय त्यात फिरणारी चाके, पट्टे, डोकी असे नाजूक भाग असतात. ते बिघडले तर दुरुस्त करणारा कारागीर शोधत मुंबईस फोर्टातील बोराबाजाराची पायरी चढावी लागते आणि तेथेही सुटे भाग मिळतीलच असे नाही. तबकडीच्या कॅमेऱ्यात चांगल्या प्रतीचे चित्र एका बाजूस वीस-तीस मिनिटेच मावे. मंगळागौर काही वीस मिनिटांत आटोपत नाही. हार्ड डिस्क धक्क्याला भिते. आपल्या रस्त्यांवरून वडापमध्ये ती नेणे म्हणजे काचेची बरणी डोक्यावर घेऊन बाजार करणे होय. राहता राहिले कार्ड. त्यात हलणारा भाग नाही, ते नखाएवढे आहे आणि संगणकावर चटकन उतरते. फुल एचडीच्या नेहमीच्या प्रतीत एका तासाला साडेसात-आठ जीबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात सुमारे चार तास. उत्तम प्रतीत तासाला अकरा जीबीच्या आसपास, म्हणजे तीन तासांना थोडे कमी. एक संबंध कार्यक्रम त्यात बसतो.

आता दुकानात गेल्यावर काय काय पाहावे ते सांगते. नोंद करून घ्यावयाची असेल तर घ्यावी.

पहिली गोष्ट प्रकाशाची. आपली घरे कौलारू, माजघरे अंधारी, आणि सण बहुतेक रात्रीचे. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश झेलणारी जी चकती असते तिला सेन्सर म्हणतात. पागोळीखाली वाटी ठेवली तर किती पाणी जमेल आणि घंगाळ ठेवले तर किती? सेन्सरचेही तसेच. मोठा असेल तर मंद दिव्यातही चित्र स्वच्छ येते, लहान असेल तर अंधारात वाळू उडाल्यासारखे दिसते. म्हणून दुकानाच्या झगमगाटात कॅमेरा पाहू नये. दुकानदाराला सांगावे, "तुमच्या मागच्या खोलीत एकच दिवा लावून दाखवा." चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट झूमची. खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात, त्यात 'ऑप्टिकल' झूम किती तेवढेच वाचावे. भिंगे सरकवून जे जवळ आणले जाते ते खरे. 'डिजिटल' झूम म्हणजे पाणी घालून वाढवलेले ताक. भांडे भरते, चव जाते.

तिसरी गोष्ट स्थिरतेची. हात थरथरला तरी चित्र थरथरू नये अशी सोय कॅमेऱ्यात असते. तीही भिंगातून केलेली असेल तर अधिक चांगली. परंतु सर्वांत उत्तम सोय म्हणजे तिपाई. भजनाच्या कार्यक्रमात दोन तास हात वर धरून उभे राहणे कुणालाच जमत नाही.

चौथी गोष्ट आवाजाची, आणि माझ्या मते हीच पहिली म्हणावयास हवी. कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडण्यासाठी छिद्र आहे की नाही हे आवर्जून पाहावे. आपण समुद्रकाठची माणसे. आक्षीच्या किंवा किहीमच्या पुळणीवर उभे राहून कुणी चार शब्द बोलले तर कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकात निव्वळ वाऱ्याचा भणभणाट भरतो. लहानसा माइक पदराला अडकवला आणि त्यावर स्पंजाची किंवा केसाळ टोपी घातली की, वारा बाहेर राहतो आणि माणसाचा आवाज आत येतो. चित्र थोडे अंधूक असले तरी माणसे पाहतात, पण ऐकू येईनासे झाले की दोन मिनिटांत उठून जातात.

पाचवी गोष्ट बॅटरीची. वीज केव्हा जाईल हे आपल्याकडे सांगता येत नाही. जादा बॅटरी मिळते का, आणि ती बाहेरून बदलता येते का, हे विचारून घ्यावे.

आता दुसऱ्या बाईंच्या पुतण्याविषयी. अमेरिकेहून येणाऱ्या वस्तूचे आपल्याला अप्रूप असते आणि भाच्या-पुतण्यांच्या प्रेमाचा मान ठेवलाच पाहिजे. तरी एक अडचण सांगते. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० आणि अमेरिकेत ६०. तिकडचे कॅमेरे त्या हिशेबाने सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे घेतात. असा कॅमेरा आपल्या ट्यूबलाइटखाली चालवला तर चित्रात दिवे लुकलुकल्यासारखे किंवा पट्टे सरकल्यासारखे दिसतात. कॅमेऱ्यात शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग असा हाताने ठेवता येत असेल तर हा दोष पुष्कळ कमी होतो. तेव्हा मागवण्यापूर्वी पुतण्याला दोन प्रश्न विचारावे: शटर हाताने बदलता येते का? आणि तिकडची हमी इकडे चालते का? दोन्हींचे उत्तर 'हो' आले तर खुशाल मागवावा.

आणि पहिल्या बाई, ज्यांनी फोनची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, असे मी मोकळ्या मनाने म्हणते. आजचा चांगला फोन भर उजेडात दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कित्येक घरगुती कॅमेऱ्यांपेक्षा उत्तम चित्र घेतो. म्हणून तर घरगुती कॅमकॉर्डरची बाजारातील मॉडेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नातवाने पहिले पाऊल टाकले, पोपटीचे मडके फोडले, वाडीत आंबा मोहरला, अशा क्षणी जो हाताशी असेल तोच कॅमेरा खरा, आणि हाताशी असतो तो फोनच. त्यासाठी वेगळे यंत्र घेणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

पण दोन तासांचा कार्यक्रम आला की फोनची दमछाक होते. तो तापतो, त्याची जागा भरते, मध्येच व्याह्यांचा फोन येतो आणि चित्रण तुटते. दूर बसलेल्या गायिकेचा चेहरा जवळ आणावा तर ताकात पाणी पडू लागते. फोटो काढण्याच्या मोठ्या कॅमेऱ्यांतूनही चित्रण होते, पण त्यांतील कित्येक तीस मिनिटे भरण्यापूर्वीच आपोआप थांबत. याचे कारण ऐकून आपल्याला हसू येईल. युरोपात सलग तीस मिनिटे किंवा अधिक चित्रण करणाऱ्या यंत्रावर जादा जकात होती, म्हणून कारखानदार मुद्दामच एकोणतीस मिनिटांवर लगाम घालीत. तिकडची जकात आणि आपल्या भजनाचा अभंग अर्ध्यावर! कॅमकॉर्डर मात्र सलग चित्रणासाठीच बनवलेला असतो. कार्ड आणि बॅटरी संपेपर्यंत तो मुकाट्याने काम करतो.

आपल्या किनाऱ्याची एक खास गोष्ट आहे, ती माहितीपत्रकात छापलेली नसते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पावसाळा हे कॅमेऱ्याचे वैरी आहेत. भिंगाला बुरशी धरते. कोळिष्टकासारखी बारीक जाळी आत दिसू लागते आणि एकदा धरली की ती काढणे कठीण. म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडू नये. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवावा. रंग बदलणारे दाणे मिळतात. त्यांचा रंग पालटला की ओल भरली असे समजून गरम करून सुकवावे किंवा नवे घालावे. महिन्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून चालवावा. पुळणीवरून आल्यावर कोरड्या ब्रशने वाळू झाडावी आणि मगच फडके लावावे. उलट केले तर वाळूने भिंगाला चरे पडतात. गारेगार मोटारीतून उतरून एकदम दमट हवेत कॅमेरा उघडला तर भिंगावर दव धरते. अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा.

कॅसेटी ज्यांच्याकडे आहेत त्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे. कॅसेटच्या फितीवर लोहचुंबकीय भुकटीचा लेप असतो आणि चित्र त्या चुंबकत्वात साठवलेले असते. चुंबकाचे काम किती नाजूक, हे अलिबागकरांना सांगावयास नको. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या विजेने मोजमापात बिघाड होणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली आपल्या अलिबागेस आणली. म्हणून कॅसेटी मोठ्या ध्वनिवर्धकाजवळ ठेवू नयेत. ओलीने फितीला बुरशी येते, पदर एकमेकांना चिकटतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाड्या झोपल्या, पत्रे आणि कौले उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. नारळी-पोफळी पुन्हा लावता आल्या. पण आमच्या शेजारच्या घरात कपाटात पाणी शिरून लग्नाच्या कॅसेटी भिजल्या, त्या पुन्हा मिळाल्या नाहीत. त्या कॅसेटींत त्या घरच्या वडीलधाऱ्यांचे चालणे-बोलणे होते, आणि ती माणसे आज नाहीत.

म्हणून कॅमेरा निवडण्याइतकेच जपणुकीचे महत्त्व आहे. चित्राच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी गावाबाहेर, म्हणजे पुण्याच्या लेकीकडे किंवा मुंबईच्या भावाकडे. एकाच कपाटात तिन्ही ठेवल्या तर एका पावसात तिन्ही जातात. कार्डावर वर्षानुवर्षे भरवसा ठेवू नये. कार्ड हे कळशीसारखे आहे, पाणी आणावयाचे, रांजणात ओतावयाचे. आणि प्रत्येक चित्राला तारीख, गाव आणि माणसांची नावे लिहून ठेवावी. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला "ही कोण?" असा प्रश्न पडू नये.

आता मुख्य गोष्ट. एवढा खटाटोप करून चित्रण कशाचे करावयाचे?

आमच्या घरच्या एका मुंजीचे पंचावन्न मिनिटांचे चित्रण आहे. भाड्याने बोलावलेल्या माणसाने ते केले आणि चांगले केले. मंडप आहे, भिक्षावळ आहे, आहेर देणाऱ्यांची रांग तर पुरी आहे. माझ्या आत्येसासूबाई त्यात हातात तबक घेऊन दारातून दारात जाताना दिसतात, उण्यापुऱ्या दहा सेकंद. त्यांना मुंजीची, लग्नाची, जात्यावरची अशी किती गाणी येत होती हे आम्ही घरच्या सुना जाणतो. घाणा भरताना त्या गात, तेव्हा स्वयंपाकघर उभे राहून ऐकत असे. त्यांचा एक शब्द त्या पंचावन्न मिनिटांत नाही. त्या गेल्या, आणि गाणी आमच्या आठवणीत अर्धीमुर्धी उरली. भगिनींनो, आपल्या घरोघरच्या चित्रणांत असेच आहे. जी राबते ती चित्रात नसते, आणि असली तर तिचा आवाज नसतो.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यातील अनेक २०१७ पासून गाणाऱ्या बायांच्या नावानिशी, आवाजासह लोकांपुढे येत आहेत. त्या बाया काही नामांकित गायिका नव्हत्या. आपल्यासारख्याच दळणाऱ्या-कांडणाऱ्या होत्या. कुणीतरी त्यांच्यासमोर यंत्र ठेवून "बाई, गा" म्हटले, एवढाच फरक.

आपल्या अष्टागरात आणि आसपास असे काय थोडे आहे? कोळीवाड्यातील नारळी पौर्णिमेची आणि हळदीची गाणी, आगरी लग्नातल्या धवलारिणींचे धवले, गौरीच्या रात्रीचे खेळ, सोलीव वालांच्या बिरड्यापासून उकडीच्या मोदकांच्या कळ्यांपर्यंतचे हातांचे कसब. पलीकडे कोर्लईला पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून झालेली एक स्वतंत्र बोली आहे. चौलचे पोर्तुगीज राज्य १७४० साली गेले, पण ही बोली आयांच्या तोंडून लेकरांकडे आली आणि आजवर टिकली. बोलणारी माणसे मात्र हजाराच्या आतबाहेरच असतील. आपल्या गावोगावचे बेने इस्राएल शेजारी १९४८ नंतर बहुसंख्येने इस्राएलला गेले. त्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. ज्यांची घरे शेजारीशेजारी होती, त्यांच्या आठवणी आता मोजक्याच वृद्ध स्त्रियांपाशी उरल्या आहेत. या सगळ्याला थांबावयास वेळ नाही.

चित्रण करताना चार साधे नियम पाळावे. आधी विचारावे, नको म्हटले तर कॅमेरा बंद करावा. गाणारीला आपल्या जागी, आपल्या पाटावर बसू द्यावे, मंचावर नेऊ नये. कॅमेरा आडवा धरावा, तिपाईवर ठेवावा, आणि उगाच इकडून तिकडे फिरवू नये; एक चित्र निदान दहा सेकंद स्थिर राहू द्यावे. आणि तिच्या परवानगीवाचून ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर पाठवू नये. आजीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चावडीवर नेणे शोभत नाही.

आता माझे मत सांगून संपवते. घरच्या रोजच्या प्रसंगांना फोन पुरे. फक्त एक स्वस्तशी तिपाई आणि पदराला लावावयाचा माइक घ्यावा, त्याने निम्मे काम सुधारते. माळ्यावरचा कॅसेटचा कॅमेरा टाकू नये आणि नव्या चित्रणाला वापरूही नये; तो चालू आहे तोवर गावातल्या साऱ्या जुन्या कॅसेटी त्यातून संगणकावर उतरवून घ्याव्या, आणि ते याच वर्षी करावे. मंडळासाठी मात्र मेमरी कार्डाचा फुल एचडी कॅमकॉर्डर घ्यावा. त्याला बाहेरच्या माइकाचे छिद्र असावे, बॅटरी बदलता यावी, आणि माजघरातल्या एका दिव्यात त्याचे चित्र पाहून घेतलेले असावे. फोर-केसाठी जादा पैसे न घालता त्या पैशांत तिपाई, माइक, दोन कार्डे, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि सिलिका जेलचा डबा येईल. नवा परवडला नाही तर वापरलेला चालेल. पण भिंगात उजेड टाकून बुरशी नाही ना, हे नीट पाहून.

आणि कॅमेरा आणल्यावर तो चिटणीसबाईंच्या कपाटात कुलूपबंद राहू नये. मंडळातल्या दोन तरुण सुना आणि दोन कॉलेजात जाणाऱ्या मुली यांच्या हाती तो द्यावा. महिन्यातून एक दुपार ठरवावी आणि दर महिन्याला एका वयस्कर सभासद बाईंच्या घरी जावे. बारा महिन्यांत बारा बायका होतील. पुढच्या वर्धापनदिनी याच सभागृहात पडद्यावर आपण त्यांना गाताना, बोलताना पाहू. माझी सूचना आहे की पहिला मान आपल्या मंडळाच्या सर्वांत वडील सभासद बाईंना द्यावा, आणि त्यांनी "माझा गळा आता चालत नाही" ही सबब सांगितली तर कुणीही मान्य करू नये!